मधली फट नाकासमोर नको

वाचकाचं पत्र

नमस्कार दादा,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात हायस्कूलला गणित शिकवते. दर रविवारी सकाळी आठला घरून यूट्यूबवर दहावीच्या भूमितीचा लाइव्ह तास घेते. पन्नास-साठ मुलं असतात. आठवड्याला एक-दोन छोटे व्हिडिओही बनवते. भाच्याने त्याचा कॉम्प्युटर दिला, त्यात ग्राफिक्स कार्ड आहे. मी २४ इंची नवा मॉनिटर घेतला आणि भावाच्या दुकानातला १९ इंची जुना चौकोनी मॉनिटर शेजारी ठेवला. वाटलं होतं, आता काम सोपं होईल. तीन महिन्यांत मान उजव्या बाजूने धरली. मुलं म्हणतात, "मॅडम, तुम्ही आमच्याकडे बघतच नाही." वर्तुळाच्या धड्याला पेन टॅबलेटवर (कॉम्प्युटरला जोडलेल्या, पेनाने लिहायच्या पाटीवर) वर्तुळ काढलं तर ते अंड्यासारखं आलं. मागच्या रविवारी घरच्या ग्रुपवरचा एक मेसेज लाइव्हमध्ये सगळ्यांनी वाचला, त्या दिवशी मला रडू आलं. आणि व्हिडिओचे रंग एका मॉनिटरवर एक, दुसऱ्यावर दुसरे, मोबाईलवर तिसरेच. मॉनिटर शेजारी-शेजारी ठेवू, एकावर एक ठेवू, की दोन्ही काढून तो रुंद वळलेला एकच घेऊ? टेबलाचं चित्र मापांसकट पाठवते आहे. चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, वय ४७.

ता. क. भाऊ त्याचा मॉनिटर परत मागतोय. देऊन टाकू का?

प्रिय ताई,

चित्र पाठवलंत हे फार बरं केलंत. त्यात मला सगळ्यात आधी दिसली ती दोन मॉनिटरांमधली फट. ती टेबलाच्या बरोबर मध्यावर आहे, आणि खुर्चीही बरोबर मध्यावर. म्हणजे तुम्ही बसता तेव्हा नाकासमोर असतात त्या काळ्या प्लास्टिकच्या दोन कडा. बघण्यासारखं जे काही आहे ते उजवीकडे नाहीतर डावीकडे. तुम्ही शिकवता उजवीकडच्या मोठ्या मॉनिटरवर, म्हणून तासभर मान उजवीकडे. आणि कॅमेरा लावलाय डावीकडच्या लहान मॉनिटरवर, कारण मोठ्याची कड पातळ आहे, तिथून तो घसरतो असं तुम्ही चित्राखाली लिहिलंय. म्हणजे मुलांना तुमचा डावा गाल आणि कान दिसतो. मानेची तक्रार आणि मुलांची तक्रार एकाच फटीतून आलेली आहे.

दोन मॉनिटर आले की माणूस त्यांना सख्ख्या भावांसारखी समान वाटणी देतो: अर्धं टेबल याला, अर्धं त्याला. इथेच चूक होते. ज्याच्याकडे तुम्ही बहुतेक वेळ बघणार, तो एकटा समोर हवा. दुसरा बाजूला, ओझरती नजर टाकण्यापुरता. ज्यांचं काम दोन्ही पडद्यांवर खरोखर निम्मं-निम्मं चालतं त्यांनी फट मध्ये ठेवली तर समजू शकतो, पण लाइव्ह शिकवणाऱ्या माणसाचं काम तसं नसतं. त्याला एका दिशेला बघायचं असतं, आणि त्या दिशेला मुलं असतात.

म्हणून २४ इंची मॉनिटर सरळ टेबलाच्या मध्यावर आणा. खुर्ची उजवीकडे सरकवू नका, तिथे ड्रॉवर आहेत. गुडघे अडतील आणि कंबर वाकडी होईल. आता तुम्हाला प्रश्न पडेल की १९ इंची मावणार कुठे. तुमचं टेबल साडेतीन फूट, म्हणजे १०७ सेंटिमीटर. मोठा मॉनिटर ५३ सेंटिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना २७-२७ उरले. जुना मॉनिटर ४० सेंटिमीटरचा आहे, सरळ ठेवला तर बसत नाही. पण तो तुमच्याकडे ३५ अंशांत वळवला तर टेबलाची रुंदी किती अडेल? ४० गुणिले कोसाइन ३५, म्हणजे साधारण ३३ सेंटिमीटर. पाच-सहा सेंटिमीटर कडेबाहेर लोंबले तरी हरकत नाही, स्टँडचा पाय टेबलावरच राहतो. त्याची उजवी कड मोठ्याच्या डाव्या कडेला चिकटवा आणि डावी कड पुढे ओढा. एवढं केलं की बाजूच्या पडद्याकडे बघायला मान फार वळवावी लागत नाही, बरंचसं काम डोळेच करतात. डावी बाजू मी मुद्दाम निवडली. तुम्ही उजव्या हाताने लिहिता, पेन टॅबलेट उजवीकडे असतो, ती बाजू मोकळी हवी.

एकावर एक ठेवण्याचा विचार सोडा. वरच्या मॉनिटरकडे बघायला हनुवटी उचलावी लागते, आणि प्रोग्रेसिव्ह चष्म्याला तर ते आणखी वाईट. या चष्म्यात जवळचं दिसणारा भाग काचेच्या खालच्या बाजूला असतो. त्यामुळे पडदा जरा उंच असला तरी माणूस नकळत मान मागे टाकून खालच्या काचेतून बघतो. साधा नियम असा सांगतात की मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. तुमच्यासाठी ती आणखी दोन-तीन इंच खाली घ्या. जाड पुस्तकं ठेवून मॉनिटर उंच केलाय ना? ती काढून टाका. बहुधा या एका गोष्टीने आठवडाभरात मानेला फरक पडेल. डोळ्यांपासून पडदा हातभर लांब, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या आसपास. हात लांब केला की बोटं काचेला टेकतील इतकं. मात्र मानेबरोबर हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटं बधिर होत असतील तर टेबलाची वाट बघू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

रुंद वळलेल्या मॉनिटरचंही आत्ताच सांगून टाकतो. अल्ट्रावाइडचं, म्हणजे या रुंद मॉनिटरचं, रुंदी-उंचीचं प्रमाण २१:९ असतं, यूट्यूबच्या चौकटीचं १६:९. तो अख्खा पडदा दाखवला तर मुलांना वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात आणि मधली अक्षरं बारीक होतात. तुमची बहुतेक मुलं आईच्या नाहीतर बाबांच्या मोबाईलवर तास बघतात. सहा इंची पडद्यावर काळ्या पट्ट्या म्हणजे फळ्याचा वरचा-खालचा भाग पुसून शिकवल्यासारखं. एडिटिंग करणाऱ्या एकट्या माणसाला अल्ट्रावाइडवरची लांब टाइमलाइन (क्लिपा ओळीने लावायची पट्टी) सुखाची वाटते, हे खरं. तुमच्या कामाला तो नको.

आता कॅमेरा. तो मोठ्या मॉनिटरच्या वरच्या कडेला, बरोबर मध्यावर. घसरतो म्हणता, तर दुहेरी चिकटपट्टीने लाकडाची एक पट्टी मॉनिटरच्या पाठीला लावा आणि कॅमेऱ्याचा चिमटा त्या पट्टीवर बसवा. केबल पुरत नसेल तर यूएसबीची एक्स्टेंशन केबल मिळते.

नजरेबद्दल एक गोष्ट मला फार उपयोगी वाटत आली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात मिल्टन चेन यांनी २००२ साली व्हिडिओवरच्या नजरानजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात दिसलं ते असं: बोलणारा कॅमेऱ्याच्या थोडा खाली बघत असला तरी समोरच्याला तो आपल्याकडेच बघतोय असं वाटतं, पण डावीकडे, उजवीकडे किंवा वर बघितलं की ते लगेच लक्षात येतं. म्हणजे ज्याच्याकडे वारंवार नजर जाते ते सगळं कॅमेऱ्याच्या खाली हवं. तुमच्या बाबतीत ते म्हणजे चॅट. मुलं "मॅडम, परत सांगा" लिहितात, कुणी "काटकोन कसा?" विचारतं, आणि तुम्ही ते वाचायला डावीकडे वळता. लाइव्ह चॅटच्या तीन ठिपक्यांच्या मेन्यूत ते वेगळ्या विंडोत काढायची सोय आहे. ती विंडो लहान करा आणि मोठ्या मॉनिटरच्या वरच्या भागात, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली ठेवा. चार ओळी दिसल्या तरी पुरे. मग प्रश्न वाचताना तुम्ही मुलांकडे बघत असाल. चॅट काही सेकंद मागून येतं, म्हणून प्रश्न विचारून झाला की जरा थांबा. ती शांतता तुम्हाला लांब वाटेल, पण मुलांना ती हवी असते.

तुम्ही लगेच म्हणाल, चॅट समोरच्या पडद्यावर ठेवलं तर ते लाइव्हमध्येही दिसणार. आणि इथून त्या मेसेजच्या प्रकरणाकडे यावं लागतं.

ताई, तुम्हाला रडू आलं हे वाचून मला माझा एक दिवस आठवला. काही वर्षांपूर्वी एका बक्षीस समारंभाचं थेट प्रक्षेपण मी करत होतो. माझ्याच लॅपटॉपवरून अख्खा पडदा दाखवत होतो, आणि कोपऱ्यात माझ्या नात्यातल्या एका बाईंच्या तपासणीच्या अहवालाचा मेसेज वर आला. चारच सेकंद, पण ओळखीच्या लोकांनी वाचला. त्या बाईंनी मला कधी बोल लावला नाही, पण त्यांनी आपलं आजारपण कुणाला कळू दिलं नव्हतं, ते माझ्या हातून फुटलं. तेव्हापासून मी अख्खा पडदा कधीही प्रक्षेपित केलेला नाही. या बाबतीत मी हट्टी आहे आणि तुम्हीही व्हा असं सांगेन.

ओबीएसमध्ये, म्हणजे तुम्ही लाइव्ह पाठवायला वापरता त्या प्रोग्रॅममध्ये, सोर्स (कुठलं चित्र बाहेर जाणार ते) निवडताना 'डिस्प्ले कॅप्चर' आणि 'विंडो कॅप्चर' असे दोन पर्याय असतात. तुम्ही पहिला वापरताय. त्यात त्या मॉनिटरवर जे जे येईल ते ते बाहेर जातं. दुसऱ्यात फक्त निवडलेली विंडो जाते, तिच्यावर दुसरं काही आलं तरी ते मुलांना दिसत नाही. त्याच्या सेटिंगमध्ये कॅप्चर मेथड म्हणून 'विंडोज १०' लिहिलेली पद्धत निवडा. लिहायच्या फळ्याची विंडो कॅप्चर करा, आणि चॅट तिच्यावर ठेवा. तुम्हाला दिसेल, मुलांना नाही. पॉवरपॉइंट वापरत असाल तर 'सेट अप स्लाइड शो'मध्ये जाऊन तो पूर्ण पडद्याऐवजी विंडोत चालवा, म्हणजे तोही असाच पकडता येतो.

ही पहिली भिंत. दुसरी भिंत जरा उलटी वाटेल. विंडोजमध्ये कोपऱ्यातून सरकत येणाऱ्या सूचना 'मेन डिस्प्ले' ठरवलेल्या मॉनिटरवर येतात. म्हणून डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये डावीकडच्या जुन्या मॉनिटरवर क्लिक करा आणि 'मेक धिस माय मेन डिस्प्ले'वर खूण करा. तुमचा मुख्य मॉनिटर समोरचा, विंडोजचा मुख्य बाजूचा. सूचना, टास्कबारचं घड्याळ, अपडेटची आठवण, सगळं डावीकडे जातं. त्याच सेटिंगमध्ये १ आणि २ अशा दोन चौकटी दिसतील, त्या माउसने ओढून टेबलावर आहेत तशाच मांडा. आत्ता तुमच्या १९ इंचीची चौकट उजवीकडे असणार, म्हणूनच माउस "हरवतो" असं तुम्ही लिहिलंय. दोन्हींच्या वरच्या कडा चौकटींतही जुळवा, टेबलावरही.

तिसरी भिंत मला सगळ्यात पक्की वाटते: लाइव्हसाठी विंडोजमध्ये वेगळं खातं उघडा. त्यात व्हॉट्सॲप नाही, घरचं ईमेल नाही, फोटोंचं फोल्डर नाही. ओबीएस, फळा, यूट्यूब, बस. रविवारी सकाळी त्या खात्यात शिरायचं. जे तिथे नाहीच ते दिसणार कुठून?

ओबीएसची स्वतःची विंडो डावीकडे ठेवा. ती समोरच्या पडद्यावर असती आणि तुम्ही डिस्प्ले कॅप्चर वापरलं असतं तर आरशासमोर आरसा धरल्यासारखा चित्रातल्या चित्राचा बोगदा दिसला असता. डावीकडे ती असल्याने आवाजाची पट्टी ओझरती बघता येते. बोलताना ती हिरव्यातून पिवळ्यात जाऊन परत यावी, लालात टेकत राहू नये. स्वतःचा लाइव्ह बघायला ब्राउझर उघडला असेल तर त्याचा आवाज बंद करा, नाहीतर तुमचंच वाक्य थोड्या वेळाने पुन्हा माइकमध्ये शिरतं.

आता अंड्यासारखं वर्तुळ. भूमितीच्या शिक्षिकेला याचा किती त्रास झाला असेल याची मला कल्पना आहे. पेन टॅबलेट जोडला की पुष्कळदा तो दोन्ही मॉनिटर मिळून एकच लांबलचक पडदा समजतो. तुमचा मोठा मॉनिटर १९२० बाय १०८० पिक्सेलचा, जुना १२८० बाय १०२४ चा. शेजारी-शेजारी धरले तर रुंदी ३२०० आणि उंची हजारभर. टॅबलेटचा आयत एवढा लांब नसतो. म्हणून हात गोल फिरला तरी पडद्यावरची रेघ आडवी ताणली जाते. टॅबलेटबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये 'मॅपिंग' शोधा, त्यात फक्त २४ इंची मॉनिटर निवडा आणि प्रमाण राखण्याचा पर्याय असेल तर तोही चालू करा. मग टॅबलेटवर एक बांगडी ठेवा आणि तिच्या आतून पेन फिरवा. पडद्यावर आलेल्या आकृतीचा आडवा आणि उभा व्यास पट्टीने मोजा. सारखे आले की झालं. बाजूचा मॉनिटर कधी काढला-लावला तर ही चाचणी पुन्हा करा, काही टॅबलेटांचं मॅपिंग अशा वेळी बदलतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट ओझरती आली आहे, पण ती महत्त्वाची आहे: जुन्या मॉनिटरची केबल तुम्ही कॉम्प्युटरच्या मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य पाटीच्या तोंडाला, लावलीय, कारण ग्राफिक्स कार्डाला ते निळं व्हीजीए तोंड नाही. दोन मॉनिटर दोन वेगळ्या ठिकाणी जोडले की विंडो इकडून तिकडे ओढताना अडखळतात आणि ओबीएसला कधीकधी चित्राऐवजी काळा चौकोन मिळतो. दोन्ही केबल कार्डालाच लावा. त्यासाठी एचडीएमआयमधून व्हीजीए काढणारा कन्व्हर्टर लागेल, तो काही शे रुपयांत मिळतो. नुसती दोन वेगळ्या तोंडांची केबल घेऊ नका. एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल येतो, व्हीजीएला ॲनालॉग लागतो, तो बदलणारं सर्किट मध्ये हवंच. कार्डाचं एचडीएमआय मोठ्या मॉनिटरने अडवलं असेल तर डिस्प्लेपोर्टमधून व्हीजीए काढणारा घ्या. कार्डाच्या मागच्या तोंडांचा फोटो काढून दुकानात दाखवा, चूक होणार नाही. आणि दोन्ही मॉनिटर ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला साठ वेळा चित्र बदलेल असे, ठेवा.

रंगांचं दुखणं तसं सोपं आहे, फक्त एक आशा सोडावी लागते. दोन वेगळ्या कंपन्यांचे, वेगळ्या वयाचे मॉनिटर कधीही एकसारखे दिसणार नाहीत. तुमचा जुना मॉनिटर टीएन जातीच्या पॅनेलचा आहे, मान जरा वर-खाली केली तरी त्याचे रंग बदलतात. त्यामुळे तो आडव्याचा उभा फिरवून चॅटसाठी वापरावा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. असं पॅनेल उभं केलं की डाव्या डोळ्याला एक छटा आणि उजव्याला दुसरी दिसते, डोकं धरतं. रंगांसाठी समोरचा मॉनिटर प्रमाण माना, बाजूच्यावर रंग ठरवूच नका. समोरच्याच्या मेन्यूत एसआरजीबी (रंगांचं ठरलेलं प्रमाण) असा पर्याय असेल तर तो लावा, नसेल तर रंगाचं तापमान ६५०० के (केल्विन). व्हिडिओ बनवताना विंडोजची 'नाइट लाइट' बंद आहे ना ते बघा. वेळ लावून ठेवली असेल तर संध्याकाळी ती आपोआप चालू होते, पडदा पिवळट होतो, आणि आपण तो पिवळा घालवायला चित्र निळं करून बसतो. तुमचे दोन व्हिडिओ रात्री बनवलेले आणि निळसर आहेत, मला याचाच संशय आहे. शेवटचा निकाल मोबाईलवर. मुलं तिथेच बघतात.

बाजूच्या मॉनिटरचा प्रकाश मात्र समोरच्याच्या बरोबरीला आणा. एक झगमगीत आणि एक मंद असला की डोळे दर वेळी जुळवून घेताना थकतात. शिवाय तुम्हाला चष्मा आहे. बाजूला पांढरीफेक विंडो उघडी असली तर काचेत तिचा चौकोन उमटतो आणि डाव्या गालावर निळसर उजेड पडतो. ओबीएसला गडद रंगाची थीम असते, ती ठेवा, ब्राइटनेस उतरवा आणि तोंडावर पडणारा दिवा डोळ्यांच्या रेषेच्या बराच वर न्या. चष्म्याच्या दांड्या कानापाशी केसभर उचलल्या तरी काचेतला चौकोन खाली सरकतो. खोलीतली खिडकी तुमच्या उजव्या हाताला आहे, ती जागा उत्तम. सकाळी आठचा उजेड बाजूने येईल, पडद्यावर नाही आणि कॅमेऱ्यातही नाही. ट्यूबलाइट लावल्यावर चित्रात पट्टे सरकताना दिसले तर वेबकॅमच्या सेटिंगमध्ये पॉवर लाइन फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, काही कॅमेरे ६० वर येतात.

व्हिडिओ एडिट करताना मांडणी बदलायची गरज नाही, कामं बदलतात. टाइमलाइन आणि चित्र दोन्ही समोर ठेवा. कच्च्या क्लिपांची यादी, लिहिलेला पाठ, कॅल्क्युलेटर डावीकडे. चित्र मोठं दिसावं म्हणून ते बाजूच्या मॉनिटरवर भरून लावणारे पुष्कळ असतात. मला ते पटत नाही. कापताना नजर सर्वांत जास्त चित्रावर असते, मग ते बाजूला ठेवलं की मान पुन्हा तिकडे जाणार, आणि तेही रंगांना बेभरवशाच्या पडद्यावर. डोळ्यांसाठी मात्र दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवरच्या कशाकडे तरी बघा. तुमच्या खिडकीतून समोरचं झाड दिसतं असं चित्रात आहे, ते चालेल.

विजेचं राहिलं. तुम्ही लिहिलंय की यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर आणि मोठा मॉनिटर आहे, जुना थेट भिंतीतल्या प्लगवर. वीज गेली की काय होतं ते बघा. जुना मॉनिटर बंद पडतो, विंडोजला कधीकधी वाटतं तो काढून टाकला, आणि त्याच्यावरच्या सगळ्या विंडो उडी मारून समोरच्या मॉनिटरवर येतात. ओबीएस, तुमच्या टिपा, उत्तरपत्रिका, जे काही डावीकडे उघडं होतं ते. डिस्प्ले कॅप्चर चालू असतं तर हे सगळं मुलांना दिसलं असतं. विंडो कॅप्चर तुम्हाला यातून वाचवेल, तरी ऐन तासात फळ्यावर पाच विंडो येऊन आदळणं नको. जुना मॉनिटरही यूपीएसवर घ्या. एवढ्या आकाराचे मॉनिटर वीस ते चाळीस वॅट खातात, तेवढ्याने यूपीएसची मिनिटं थोडी कमी होतील, पण तास नीट आवरता येईल. वाय-फायचा राउटरही त्यालाच जोडा, नाहीतर सगळं चालू आणि इंटरनेट बंद अशी गत होते. तुमच्याकडे विंडोज ११ असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'मल्टिपल डिस्प्लेज' उघडा. मॉनिटर सुटला तर त्याच्यावरच्या विंडो मिनिमाइझ कराव्यात, असा पर्याय तिथे असतो. त्याच्यावर खूण करून ठेवा.

हे सगळं शनिवारी संध्याकाळी करा, रविवारी सकाळी सात वाजता नको. मांडणी झाली की लाइव्ह न जाता ओबीएसमध्ये दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करा. समरूप त्रिकोणांचा एखादा भाग शिकवा, मध्येच चॅटकडे बघा, डावीकडच्या आवाजाच्या पट्टीकडे बघा, घरातल्या कुणाला तरी तुमच्या नेहमीच्या खात्यावर मेसेज पाठवायला सांगा, आणि जुन्या मॉनिटरचा प्लग मुद्दाम काढून बघा. मग ते रेकॉर्डिंग मोबाईलवर बघा, आवाज बंद करून. तुम्ही कुठे बघताय ते आवाज बंद असला की जास्त नीट कळतं. डावीकडे जाणारी नजर मोजा. तासाला चार-पाच वेळा गेली तर ठीक, मिनिटाला चार-पाच वेळा जात असेल तर डावीकडचं काहीतरी समोर आणायला हवं. ते काय, हे रेकॉर्डिंगच सांगेल.

आणि भावाचा मॉनिटर. दहावीची परीक्षा होईपर्यंत परत देऊ नका, त्याला तसं प्रेमाने सांगा. परीक्षेनंतर द्यावाच लागला तर मोठा नवा घ्यायची घाई नको. समोरच्यासारखाच २४ इंची, आयपीएस पॅनेलचा (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणाऱ्या जातीचा), १९२० बाय १०८० चा वापरलेला मॉनिटर ऑफिसांतून निघालेल्या मालात मिळतो. घेण्याआधी दुकानात पांढरा पडदा लावून डाग आणि पूर्ण काळा पडदा लावून कोपऱ्यांतून झिरपणारा उजेड बघा, आणि त्याला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट आहे ना ते तपासा. तो ५३ सेंटिमीटर रुंद असेल, म्हणजे ३५ अंशांत ४३-४४ सेंटिमीटर जागा मागेल. तुमच्या टेबलाला तेवढी झेपणार नाही. तेव्हा एक तर कोन ५० अंशांपर्यंत वाढवा, म्हणजे तो ३४ मध्ये बसेल, नाहीतर सुताराकडून टेबलाच्या डाव्या बाजूला नऊ इंचाची फळी जोडून घ्या. मी फळी जोडली असती.

तुमचा,
सदरलेखक